उद्या येऊ ना, मालकीणबाई?

माझ्या दुकानात दोन खुर्च्या आहेत. आतली माझी आणि खिडकीजवळची अण्णांची. अण्णा म्हणजे माझे वडील. दुकान खरं तर त्यांचंच. पन्नास वर्षांपूर्वी त्यांनीच थाटलं, मला कात्री धरायला त्यांनीच शिकवलं. पण हे आता त्यांच्या लक्षात नाही. त्यांच्या मते दुकान माझं आहे, ते माझ्याकडे नोकरीला आहेत आणि मी एक तिरसट मालकीण आहे. यातलं शेवटचं खरं आहे.

रोज संध्याकाळी दुकान आवरलं की ते पांढरा कोट काढतात, घडी घालून खुर्चीच्या पाठीवर ठेवतात आणि माझ्यासमोर येऊन विचारतात, "मालकीणबाई, उद्या येऊ ना?"

"या," मी म्हणते.

मग आम्ही एकाच दारातून बाहेर पडतो आणि एकाच घरी जातो. वाटेत कुठेतरी ते सौजन्यानं विचारतात, "तुम्ही पण इकडेच राहता का?" सुरुवातीला हे ऐकून मला रडू यायचं. आता मी म्हणते, "हो, अगदी तुमच्या शेजारच्याच खोलीत." ते म्हणतात, "मग बरं झालं, सोबत झाली." खरंच झालीय.

तीन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी डिमेन्शियाचं निदान केलं, तेव्हा माझ्या थोरल्या भावानं, म्हणजे दादानं, सगळ्यात आधी काय केलं तर अण्णांचं दुकानात जाणं बंद केलं. दादा विमा कंपनीत आहे. सगळ्या जगात कुठे कुठे काय काय होऊ शकतं, याची यादी त्याला तोंडपाठ असते. "कात्री, वस्तरा आणि विसराळू माणूस," तो म्हणाला, "तूच विचार कर." मी विचार केला आणि मान डोलावली. अण्णांना घरी बसवलं.

ते दोन महिने आठवूही नयेत असं मला वाटतं. अण्णा सकाळी आंघोळ करून, केस विंचरून, खांद्यावर टॉवेल टाकून दाराशी बसायचे. जेवण अर्धं ताटात. टीव्ही लावला तर टीव्हीकडे पाठ. आणि दिवसातून दहादा एकच प्रश्न, "माझं काही चुकलं का? कामावरून काढलं का मला?" मी समजावून सांगायची, मग ओरडायची, मग स्वयंपाकघरात जाऊन स्वतःलाच शिव्या द्यायची. दोन महिन्यांत त्यांचं वजन सहा किलोंनी उतरलं.

तपासणीला नेलं तेव्हा तिथल्या नर्सनं त्यांचं वजन केलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "हे हातानं काय करतायत?"

मी पाहिलं. अण्णा खुर्चीत बसले होते आणि मांडीवर ठेवलेल्या उजव्या हाताची दोन बोटं उघडत होती, मिटत होती. उघडत होती, मिटत होती.

"कटिंग," मी म्हटलं.

"मग करू द्या की! धार कमी करा, धोक्याच्या वस्तू काढून घ्या, जवळ थांबा. पण माणसाला असं रिकामं बसवू नका हो. घरचं कपाटसुद्धा आपण इतकं रिकामं ठेवत नाही."

त्या बाई वयानं माझ्यापेक्षा लहान होत्या, पण बोलल्या माझ्या आईसारख्या. दुसऱ्या दिवशी मी अण्णांना दुकानात आणलं.

वस्तरा कुलपात गेला. गोल टोकाची, जरा बोथट कात्री आली. त्यांच्या फळीवर फक्त चारच वस्तू: कात्री, कंगवा, पाण्याचा फवारा आणि ब्रश. प्रत्येकीच्या जागी तिचं चित्र काढून चिकटवलं. चित्रं काढली पेंटरकाकांनी. पेंटरकाका म्हणजे अण्णांचे चाळीस वर्षांचे गिऱ्हाईक, त्यातली वीस वर्षं डोक्यावर एकही केस नसताना. ते फक्त गप्पा मारायला यायचे.

अण्णांची एक जुनी लकब आहे. त्यांची कात्री कधी थांबत नाही. दोन काप केसांत, तीन हवेत. कचकच, कचकचकच. त्या आवाजानं बसलेला माणूस पेंगायला लागतो. आजार वाढला तसं केसांतलं कमी झालं आणि हवेतलं वाढलं. आता अर्ध्या तासात फार तर नखभर केस खाली पडतात. त्यामुळे काम सोपं झालं, पण एक अडचण मात्र उरली. कोणाचे कापून झालेत हे त्यांच्या लक्षात राहायचं नाही.

पहिल्याच आठवड्यात पोस्टमनकाकांची कटिंग झाली, काका बाकावर चहा प्यायला बसले. कप खाली ठेवतात न ठेवतात तोच अण्णा कापड झटकून म्हणाले, "या, तुमचाच नंबर." आणि तो भला माणूस उठून पुन्हा खुर्चीत जाऊन बसला! मी आतून ओरडले, "अहो काका, नाही म्हणायचं ना!"

"कसं म्हणू?" काका आरशातून म्हणाले. "इतक्या अगत्यानं बोलावलं."

तिसऱ्या वेळी त्यांच्या बायकोनं मला फोन करून विचारलं, की ह्यांना लढाईवर पाठवताय का. मग पोस्टमनकाकांनीच तोडगा काढला. अण्णांच्या सगळ्या जुन्या मित्रांनी वार वाटून घेतले. एका दिवशी एकच डोकं. आणि त्या दिवसाचं डोकं संपलं, की उरलेला वेळ पेंटरकाकांचा. ते टक्कल घेऊन खुर्चीत बसतात, अण्णा फवारा मारतात, कंगवा फिरवतात, अर्धा तास हवेत कात्री वाजवतात, मानेवर ब्रश मारतात आणि मागून आरसा धरून विचारतात, "बरोबर आहे?"

"झकास," पेंटरकाका म्हणतात. "बाजूनं जरा जास्तच घेतलेत, पण उन्हाळा आहे, चालेल."

अण्णांचं वजन परत आलं. ते हसायला लागले, मला टोमणे मारायला लागले. माणसांची नावं, नाती, वार, वर्षं, सगळं पुसट झालं होतं. पण डोक्यावर हात ठेवला की हाताला कळायचं. कुणाच्या कानामागे खाच आहे, कुणाचे केस कुठे वळतात, कुणाला भांग डावीकडे. तोंड ओळखायचे नाहीत, डोकं ओळखायचे. आम्हाला याचं कौतुक होतं. त्यानंच घात केला.

त्या दिवशी मी फक्त दहा मिनिटं बाहेर गेले. शेजारच्या लाँड्रीत टॉवेल आणायला. बाकावर पेंटरकाका होते, म्हणून गेले. तेवढ्यात काकांना कोणाचा तरी फोन आला आणि ते बोलायला बाहेर पायरीवर गेले. आणि दुकानात शिरले हेडसर.

हेडसर म्हणजे पलीकडच्या शाळेचे मुख्याध्यापक. दर महिन्याला माझ्याकडे यायचे. त्यांची मिशी अशी होती, की शाळेतल्या मुलांना सर दिसायच्या आधी मिशी दिसायची. अण्णांनी त्यांना अगत्यानं आपल्या खुर्चीत बसवलं. सरांना वाटलं, म्हातारा माणूस आहे, बोलावतोय, बसू या. अण्णांनी डोक्यावर हात ठेवला. कात्री वाजायला लागली. सर पेंगले.

मी टॉवेल घेऊन आत आले तेव्हा अण्णा ब्रश मारत होते. माझ्या फळीवरचं केस कापायचं मशीन त्यांच्या फळीवर होतं. सरांचा भांग उजवीकडून डावीकडे गेला होता आणि मिशी जगातून गेली होती.

सरांनी डोळे उघडले. आरशात पाहिलं. मी टॉवेलांसकट तिथेच उभी. आरशातला माणूस मी ओळखला आणि सरांनीही ओळखला असणार. ते सर नव्हते, त्यांचे वडील होते. दहा वर्षांपूर्वी वारलेले, अण्णांचे पहिल्या दिवसापासूनचे गिऱ्हाईक. डावीकडे भांग, साफ ओठ. अण्णांच्या हाताला डोकं बापाचं लागलं, त्यांनी कटिंग बापाची केली. मशीन कधी उचललं हे विचारू नका. बापाला मिशी नव्हती, मग ह्याला कशी, एवढंच त्यांना कळलं असेल.

"बरोबर आहे?" अण्णांनी मागून आरसा धरला.

सर उठले आणि गळ्यातल्या टॉवेलासकट दुकानातून निघून गेले.

बातमी दादापर्यंत पोचायला दीड तास लागला. त्यानं फोनवर माझी बिनपाण्यानं केली. आमच्या घराण्यात हे काम पाणी लावूनच करायची रीत आहे, पण दादा विमा कंपनीत गेला, त्याला कोण सांगणार.

"मशीन होतं म्हणून मिशी गेली," तो म्हणाला. "उद्या दुसरं काही हाताला लागलं तर? मिशी उगवते. कान उगवत नाही."

माझी जीभ एरवी कात्रीपेक्षा जास्त चालते. त्या वेळी चालली नाही, कारण तो बरोबर बोलत होता. वस्तरा मी कुलपात ठेवला होता, मशीन उघड्यावर. चूक अण्णांची नव्हती, माझी होती.

"सोमवारी टेम्पो आणतो," दादा म्हणाला. "ती खुर्चीच घेऊन जातो. खुर्ची दिसली नाही की विसरतील."

"आणि परत दाराशी टॉवेल घेऊन बसले तर?"

दादा मग म्हणाला, "माझ्याकडे दुसरा उपाय नाही गं. तुझ्याकडे असला तर सांग."

माझ्याकडे नव्हता. रविवारी संध्याकाळी अण्णांनी कोटाची घडी घातली, समोर आले आणि विचारलं, "मालकीणबाई, उद्या येऊ ना?"

माझ्या तोंडून "या" निघेना. मी म्हटलं, "बघू."

ते हललेच नाहीत. माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "माझं काही चुकलं का?"

त्या रात्री अर्धं जेवण ताटात राहिलं. त्यांचं आणि माझंही.

सोमवारी दुकान बंद असतं. पण अण्णांना सोमवार कळत नाही, त्यामुळे आम्ही जातो, कंगवे धुतो, टॉवेलांच्या घड्या करतो. त्या सोमवारीही गेलो. दहा वाजता टेम्पो आला. दादा उतरला, मागून हातात पान्यांची पिशवी घेऊन टेम्पोवाला. खुर्ची जमिनीत चार बोल्टांनी बसवलेली आहे. दोन सैल झालेत, मी सहा महिने म्हणतेय घट्ट करून घेईन. टेम्पोवाला गुडघ्यावर बसला आणि पाना लावून बघू लागला. अण्णा बाजूला उभे राहून कुतूहलानं बघत होते. "दुरुस्ती का?" त्यांनी मला विचारलं. 

तेवढ्यात दारात हेडसर. ओठ अजून साफ. हातात आमचा टॉवेल, धुऊन, इस्त्री करून.

दादा पुढे धावला. "सर, फार मोठी चूक झाली. आम्ही आजच ही खुर्ची हलवतोय. पुन्हा असं—"

"हलवताय?" सरांनी टेम्पोवाल्याकडे पाहिलं, मग टॉवेल माझ्या हातात दिला. "रागावलो होतो मी. खोटं कशाला बोलू? एकोणिसाव्या वर्षापासून ठेवलेली मिशी होती. बाबांसारखा दिसू नये म्हणून ठेवली होती. पटायचं नाही आमचं." त्यांनी साफ ओठावरून बोट फिरवलं. "त्या दिवशी घरी गेलो. आईनं दार उघडलं. माझ्याकडे बघितलं आणि आधी स्वतःचे केस सारखे केले. मग तिच्या लक्षात आलं मी कोण ते. इतकी हसली, इतकी हसली. म्हणाली, एवढी वर्षं हे तोंड कुठे लपवून ठेवलं होतंस? रोज सकाळी मला समोर बसवून चहा पिते आता. आम्ही बाबांबद्दल बोलतो. दहा वर्षांत बोललो नव्हतो."

मग माझ्याकडे वळून सर म्हणाले, "मशीन मात्र कुलपात ठेवा हं, ताई. सगळ्यांचे वडील माझ्या वडिलांसारखे देखणे नसतील."

दादा हसला, पण त्याचा निर्णय हलला नव्हता. मला त्याचं तोंड कळतं. एक मिशी गोड निघाली म्हणून दुसऱ्याचा कान वाचत नाही, हा त्याचा हिशेब चुकीचा नव्हता. तो टेम्पोवाल्याकडे वळणार एवढ्यात अण्णांनी कापड झटकलं.

"उभे का तुम्ही?" ते दादाला म्हणाले. "या, तुमचाच नंबर."

दादानं माझ्याकडे पाहिलं. मी मदत केली नाही. मी फक्त माझ्या फळीवरचं मशीन उचललं आणि एप्रनच्या खिशात टाकलं. सरांसमोर तो नाही तरी कसं म्हणणार? टेम्पोवाला पाना घेऊन बाजूला सरकला आणि माझा भाऊ पंधरा वर्षांनी त्या खुर्चीत बसला. तो कुठल्याशा एसी सलूनमध्ये जातो, तिथे आधी वेळ घ्यावी लागते.

अण्णांनी कापड बांधलं. फवारा मारला. कंगवा फिरवला आणि तोंड वाकडं केलं.

"हे कोणी कापले?"

"आहे एक," दादा म्हणाला.

"बदला त्याला." मग त्यांनी डाव्या हाताचा तळवा दादाच्या डोक्यावर ठेवला. बोटं मागे सरकली आणि एका जागी थांबली. कात्रीही थांबली. मी सांगितलं ना, ती कधी थांबत नाही.

"दोन भोवरे," अण्णा म्हणाले.

दादानं आरशात पाहिलं.

"माझ्या मोठ्याला आहेत असेच. इथेच. एक असा वळतो, एक असा. ह्यातून कंगवा सरळ नेला की केस उभे राहतात. तिरका न्यायचा असतो." त्यांनी तिरका नेला. केस गुमान बसले. "हे त्या दुसऱ्याला माहीत नव्हतं."

"कुठे असतो तुमचा मोठा?" दादानं विचारलं. आवाज त्याचा नव्हता.

"असतो कुठेतरी. कामात असतो." कचकच, कचकचकच. "फार काळजी करतो हो सगळ्यांची. लहान होता तेव्हा रस्ता ओलांडताना मला हाताला धरायचा. म्हणायचा, अण्णा, घाबरू नका, मी आहे."

दादानं डोळे मिटले. पेंगला म्हणून नाही. आणि खरं सांगते, मला त्याचा राग आला. मी रोज ह्या माणसाला आंघोळीचं पाणी काढून देते, बुटांच्या नाड्या बांधते, वाट दाखवते, आणि मी कोण, तर तिरसट मालकीण. हा पंधरा वर्षांनी येऊन बसला आणि ह्याला डोक्यासकट ओळखलं! मी कपाट उघडून घडी घातलेले टॉवेल मोडायला आणि पुन्हा घडी घालायला लागले.

"आणि मुलगी?" दादानं विचारलं. त्यानं डोळे उघडले होते आणि आरशातून तो माझ्याकडे बघत होता. "तुम्हाला मुलगी पण आहे ना?"

"आहे की." तीन काप हवेत. मग अण्णा जरा वाकले आणि आवाज खाली केला. त्यांचा खाली केलेला आवाज रस्त्यापलीकडे ऐकू जातो. "तिचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे. पहिल्याच वर्षी कळलं होतं मला. पण तिला सांगायचं नाही हं. आधीच नाकावर राग. त्यात डोक्यात हवा गेली, तर दुकानात आपल्याला उभं राहायला जागा उरायची नाही."

चोवीस वर्षं मी त्यांच्या शेजारी उभी राहून काम करतेय. "बरं जमलंय" याच्या पलीकडे त्यांनी मला काही म्हटलेलं मला आठवत नाही. मी टॉवेलांच्या कपाटात डोकं घातलं आणि बराच वेळ काहीतरी शोधत राहिले.

बाहेर आले तेव्हा अण्णा मागून आरसा धरून उभे होते. "बरोबर आहे?"

"बरोबर आहे," दादा म्हणाला.

तो उठला. खुर्ची करकरली. त्यानं खाली वाकून बोल्टांकडे पाहिलं, मग टेम्पोवाल्याकडे.

"हे दोन सैल आहेत," तो म्हणाला. "घट्ट करा. चारही करा. माणूस बसलेला असताना हललं तर कात्री लागेल."

टेम्पोवाल्यानं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्यानं चारही बोल्ट असे आवळले, की ती खुर्ची आता भूकंपालाही ऐकायची नाही. मशीनसाठी दादानं त्याच दिवशी कुलपाचा डबा आणून दिला. आणि म्हणाला, की सोमवारी तो येऊन बसत जाईल, मी घरी झोपावं. मी म्हटलं, झोपेन, पण आधी कंगवे धुवायला शिक.

दुपारी दुकान आवरलं. अण्णांनी कोट काढला, घडी घातली, खुर्चीच्या पाठीवर ठेवला. समोर आले. पण विचारेनात. कोटाच्या घडीवरून नुसता हात फिरवत राहिले. कालचं "बघू" त्यांच्या लक्षात असणं शक्य नव्हतं. तरी कुठेतरी ते होतं.

"मालकीणबाई," शेवटी म्हणाले, "उद्या..."

"या," मी म्हटलं. "उद्या या, परवा या. नऊला दुकान उघडतं. उशीर चालणार नाही."

"मी कधी उशीर केलाय?" अण्णा ताठ झाले. नाही केला, पन्नास वर्षांत एकदाही नाही.

मी कुलूप लावत होते तेव्हा ते पायरीवर दादाशेजारी उभे होते. मी ऐकू नये म्हणून त्यांनी पुन्हा आवाज खाली केला.

"मालकीण चांगली आहे हो," ते दादाला सांगत होते. "जरा तिरसट आहे. पण कामावर ठेवते."